लाख पत्ते आणि अठराशे पाहुणे

पत्र, थोडक्यात: वर्धा जिल्ह्यातल्या एका मोठ्या गावातून एका ताईंनी लिहिलं आहे. वय २९. पाच वर्षं पुण्यात डिजिटल मार्केटिंगची नोकरी केली, वडिलांच्या आजारपणामुळे गावी परतल्या आणि गेल्या दिवाळीत मैत्रिणीला सोबत घेऊन स्वतःची छोटी मार्केटिंग एजन्सी उघडली. आज तीन ग्राहक आहेत. वायगाव हळद विकणारी एक शेतकरी उत्पादक कंपनी, तिच्याकडे साठ-पासष्ट खरेदीदार. ताडोबाच्या बफरजवळचं एक रिसॉर्ट, तिथं येऊन गेलेल्या अठराशे पाहुण्यांचे पत्ते. आणि तालुक्याच्या गावातला नीटचा एक क्लास. तिघांनाही ईमेल मार्केटिंग करून द्यायचं त्यांनी कबूल केलं आहे आणि गाडी अडली आहे ती सेवा निवडताना. पुण्यातला जुना सहकारी म्हणतो, मेलचिंप घ्या, सगळे तेच वापरतात. मैत्रिणीचा इंजिनिअर भाऊ म्हणतो, अ‍ॅमेझॉनची एसईएस ही मेल पाठवायची सेवा घ्या, जवळपास फुकटात पडते. नागपूरचा एक जण महिना दीड हजारात 'अनलिमिटेड बल्क मेल' आणि वर तीन हजारांत एक लाख ईमेल पत्ते द्यायला तयार आहे. रिसॉर्टचे मालक याच्या बाजूचे: "ताई, लाख लोकाइले पाठवा ना, दोन हजार लोकाइनं काय होते?" महिन्याला दोन हजारांच्या वर खर्च झेपणार नाही. घरी वडील विचारतात, "पगाराची नोकरी सोडून ह्या भानगडीत कायले पडली?" ताई लिहितात, "एकच चांगली सेवा सांगा जी. चुकीची घेतली तर तिन्ही ग्राहक जातील आणि गावात तोंड दाखवायची सोय राहणार नाही."

ताई,

आधी त्या लाख पत्त्यांचं बोलते. बाकी सगळं पंधरा दिवस थांबलं तरी चालेल, हे नाही. ती यादी घेऊ नका. पैसे देऊन बसला असाल तर तीन हजार गेले असं समजा आणि ती फाइल कुठल्याही सेवेत चढवू नका.

त्या यादीतल्या माणसांनी तुमच्या रिसॉर्टचं नावही ऐकलेलं नाही. त्यातले कितीतरी पत्ते केव्हाच बंद पडलेले असतात, तिथून मेल परत येतो. काही पत्ते मुद्दाम पेरलेले असतात. स्पॅम पकडणारे लोक ते इंटरनेटवर सोडून ठेवतात. कुठलाही जिवंत माणूस ते वापरत नाही, कुठल्याही फॉर्मवर ते कोणी भरलेले नसतात. अशा पत्त्यावर मेल आला की पाठवणाऱ्यानं यादी विकत घेतली किंवा कुठून तरी उचलली, हे उघडच होतं. आणि जे पत्ते खरे आहेत, तिथला माणूस 'स्पॅम'चं बटण दाबतो. जीमेलचं म्हणणं असं की या तक्रारींचं प्रमाण ०.३ टक्क्याच्या खाली राहिलं पाहिजे, शक्यतो ०.१ च्याही खाली. म्हणजे हजार मेलमागे तीन माणसांनी बटण दाबलं की तुम्ही रेषेवर आलात. लाख अनोळखी माणसांत हजारी तीनच चिडतील असं तुम्हाला खरंच वाटतं का?

फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहू या बाबतीत कडक झाले आहेत. दिवसाला ५,००० च्या वर मेल पाठवणाऱ्यांना ओळख पटवणाऱ्या तीन नोंदी (त्या कोणत्या ते पुढे सांगते) आणि एका क्लिकमध्ये नाव काढून घ्यायची सोय बंधनकारक झाली. मायक्रोसॉफ्टनंही मे २०२५ पासून आउटलुकच्या पत्त्यांसाठी त्या तीन नोंदी सक्तीच्या केल्या. तुमचे तिन्ही ग्राहक मिळून त्या आकड्याजवळ जाणार नाहीत. पण जीमेलचा तक्रारींच्या प्रमाणाचा नियम लहानमोठ्या सगळ्यांनाच लागू आहे.

मला हे महागात शिकावं लागलं. नागपूरला एका छोट्या जाहिरात कार्यालयात असताना एका बियाणे विक्रेत्यासाठी मी अशीच आयती यादी वापरली होती. खरीप तोंडावर होता, ते घाईत होते आणि माझ्यानं नाही म्हणवलं नाही. दुपारपर्यंत सेवेनं आमचं खातं बंद केलं. तेवढंच असतं तर दुसरं खातं काढता आलं असतं. पण मेल त्यांच्या रोजच्या डोमेनवरून, म्हणजे इंटरनेटवरच्या त्यांच्या नावावरून, गेले होते. पुढं कित्येक आठवडे त्यांची साधी बिलं, डीलरांना जाणारी दरपत्रकं, सगळं स्पॅममध्ये पडत राहिलं. ऐन पेरणीच्या दिवसांत. डीलर फोन करून विचारायचे, भाऊ, रेट पाठवले का नाही? तो माणूस मला एक शब्द वाकडा बोलला नाही, म्हणून तर ते अजून सलतं.

सेवा बदलता येते ताई, आठवड्याभरात बदलता येते. त्या माणसाचं डोमेन, ते नाव, एकदा खराब झालं की ते धुऊन निघायला महिने जातात. तुमची सगळी भीती सेवेच्या निवडीभोवती गोळा झाली आहे. मला भीती वाटते ती त्या नावाची. तुमच्या हातून चूक होऊ शकते ती तिथं.

आता "एकच चांगली सेवा सांगा" याकडे येते. तुम्ही असं धरून चालला आहात की ग्राहक तीन, म्हणून तिघांना ईमेल हवा, म्हणून तिघांसाठी एक सेवा हवी. तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. मला त्यात एकच ग्राहक असा दिसतो ज्याला आज ईमेल सेवेची गरज आहे, आणि तो म्हणजे रिसॉर्ट.

क्लासचं बघा. पोरं नीटची तयारी करणारी, त्यांचे आईबाप कास्तकार, शिक्षक, दुकानदार. पोराच्या टेस्टचे मार्क किंवा फीची तारीख यांतला कोण ईमेलमध्ये शोधणार आहे? त्यांच्या फोनमध्ये जीमेलचं खातं असतं, पण ते फोन सुरू करताना दुकानदारानं काढून दिलेलं असतं आणि त्याचा पासवर्ड त्यांना ठाऊक नसतो. त्या पालकांपर्यंत व्हॉट्सअ‍ॅप पोचतं, एसएमएस पोचतो आणि सगळ्यात जास्त फोन पोचतो. एसएमएस पाठवायचे असतील तर ट्राय या दूरसंचार नियामकाच्या २०१८ च्या नियमांप्रमाणे डीएलटी या टेलिकॉम कंपन्यांच्या पोर्टलवर नोंदणी करून पाठवणाऱ्याचं नाव आणि मजकुराचा साचा मंजूर करून घ्यावा लागतो. त्याला थोडे दिवस लागतात, तेव्हा निकालाच्या आदल्या दिवशी ते काम काढू नका. क्लासच्या सरांना जाऊन सरळ सांगा की तुमच्यासाठी ईमेल नको, त्याऐवजी मी हे करून देते. कबूल केलेलं काम आपणच नाकारायचं म्हणजे जीव खाली-वर होतो, मला माहीत आहे. पण सहा महिन्यांनी "मेल कोणीच उघडत नाही" हे त्यांनी तुम्हाला सांगण्यापेक्षा आज तुम्ही सांगितलेलं बरं.

हळदीच्या कंपनीचं थोडं वेगळं आहे. तिथं दोन तऱ्हेची माणसं आहेत. सभासद शेतकऱ्यांना निरोप द्यायचा तर मीटिंग आहे, ग्रुप आहे, संचालकांचा फोन आहे. खरेदीदार मात्र ईमेलवरची माणसं आहेत: मसालेवाले, औषधी कंपन्या, पुण्या-मुंबईचे किराणा व्यापारी. पण ती आहेत साठ-पासष्ट! एवढ्यांसाठी बल्क सेवा कशाला? कंपनीच्या स्वतःच्या डोमेनवर एक साधी मेलपेटी घ्या, गूगल वर्कस्पेसची किंवा झोहोची. वर्कस्पेसच्या एका खात्यातून दिवसाला २,००० पर्यंत मेल जातात, तुम्हाला साठच पाठवायचे आहेत. आणि ते एकेकाला नावानं पाठवा, सगळ्यांना एका दमात लपवलेल्या प्रतीत (बीसीसीत) टाकून नको. हळद निघाली, शिजवून वाळवून पॉलिश झाली, इतके क्विंटल आहे, प्रयोगशाळेचा अहवाल सोबत जोडला आहे, नमुना हवा असल्यास पत्ता कळवा, एवढाच मजकूर. वायगाव हळदीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे. ते पहिल्या ओळीत येऊ द्या आणि कंपनीकडे अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी असेल तर तीही लिहा. खरेदीदार तेच बघतो. असा मेल वाचून तो फोन उचलतो. रंगीत बॅनर लावलेला मेल 'जाहिराती'च्या कप्प्यात जाऊन पडतो.

राहिलं रिसॉर्ट, आणि इथं मात्र ईमेल हे खरोखर योग्य साधन आहे. तिथले पाहुणे नागपूर, पुणे, मुंबई, बंगळूर, हैदराबादचे. ऑफिसात बसून मेल वाचणारे. सुट्टी दोन-तीन महिने आधी ठरवणारे. ताडोबाचा कोअर, म्हणजे आतला मुख्य भाग, १ जुलै ते ३० सप्टेंबर बंद असतो. म्हणजे ऑगस्टच्या अखेरीस आणि सप्टेंबरात त्यांना सांगण्यासारखं तुमच्याकडे खरंच काही असतं: ऑक्टोबरात गेट उघडतंय, दिवाळीच्या सफारीचं बुकिंग आताच बघा, मंगळवारी सफारी बंद असते तेव्हा मुक्काम त्या हिशोबानं ठरवा. मार्च-एप्रिलात पुन्हा एकदा, कारण पाणवठे आटायला लागले की वाघ दिसण्याची शक्यता वाढते, तसंच ऊनही वाढतं, आणि दोन्ही गोष्टी त्यांना खरेपणानं सांगायला हव्यात. वर्षाला पाच-सहा मेल. दर आठवड्याला 'ऑफर' पाठवायची गरजच नाही.

पण त्या अठराशे पाहुण्यांबद्दल एक विचारते. त्यांनी पत्ता दिला तो कशासाठी? बुकिंगची पावती यावी म्हणून. जाहिरात पाठवा असं ते म्हणालेले नाहीत. त्यांना मेल पाठवावा की नाही, यावर दोन बाजू आहेत. एक म्हणजे ते अनोळखी नाहीत, तुमच्याकडे राहून, जेवून गेलेत, त्यांना तुमचं नाव आठवतं. दुसरी म्हणजे २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा. त्याची अंमलबजावणी टप्प्याटप्प्यानं होते आहे आणि त्याचा गाभाच असा की माहिती ज्या कामासाठी घेतली त्याच कामासाठी वापरायची, दुसऱ्या कामासाठी वेगळी संमती घ्यायची. माझं मत असं: मागच्या दोन हंगामांतले पाहुणे घ्या, त्याआधीचे सोडा. त्यांना एकच साधा मेल पाठवा. तुम्ही अमुक महिन्यात आमच्याकडे आला होता, वर्षातून पाच-सहा वेळा जंगलाची खबर आणि बुकिंगच्या तारखा कळवल्या तर चालेल का, चालेल तर इथं क्लिक करा. जे क्लिक करतील तीच तुमची यादी. बाकीच्यांना पुन्हा पाठवू नका. अठराशेतून दोनशेच निघाले तर मालक नाराज होतील. तेव्हा त्यांना विचारा की मागच्या वर्षी आलेल्या पाहुण्यांपैकी पुन्हा किती जण आले. बहुतेकांना हा आकडा माहीत नसतो. तो त्यांच्यासोबत बसून काढा, मग लाख लोकांचा विषय आपोआप मागे पडेल.

इथून पुढे काउंटरवरच्या फॉर्ममध्ये एक चौकोन वाढवा: "जंगलाची बातमी ईमेलवर हवी आहे." आधीच टिक केलेला नको, पाहुण्यानं स्वतः करायचा. मराठीतही लिहा. कायद्यातच तरतूद आहे की संमतीची विनंती इंग्रजीत किंवा आठव्या अनुसूचीतल्या भाषेत वाचायचा पर्याय माणसाला मिळाला पाहिजे.

आता सेवा. या बाजारात पैसे घ्यायच्या मुख्य दोन रीती आहेत, आणि तुमचं निम्मं उत्तर त्यात आहे. काही सेवा यादीत माणसं किती त्यावर पैसे घेतात, काही मेल किती गेले त्यावर. मेलचिंप पहिल्या प्रकारातली. जुनी, २००१ पासूनची, वापरायला सोपी, साचे सुरेख. पण जे नाव काढून घेतात त्यांनाही ती मोजणीत धरते, तुम्ही त्यांना हातानं आर्काइव्ह केलं नाही, म्हणजे यादीतून बाजूला काढून ठेवलं नाही, तर. वर्षाला सहाच मेल पाठवणाऱ्या रिसॉर्टनं बाराही महिने माणसांच्या डोक्यागणिक पैसे का भरायचे? पुण्याच्या तुमच्या सहकाऱ्याचा सल्ला त्याच्या ग्राहकांसाठी बरोबर असेल. ते रोज विकतात, तुमचं रिसॉर्ट हंगामी आहे.

एसईएसचे दर खरंच कमी आहेत: हजार मेलला १० सेंट. अठराशे पाहुण्यांना एक मेल पाठवायचा खर्च पंधरा-सोळा रुपये. मैत्रिणीचा भाऊ त्या बाबतीत खोटं बोलत नाही. पण ती म्हणजे विहिरीवर नुसती मोटार घेतल्यासारखं आहे. पाइप, स्टार्टर, फूटव्हॉल्व्ह सगळं आपलं आपण जोडायचं. यादी सांभाळणं, मेलची मांडणी, नोंदणीचा फॉर्म, परत आलेले पत्ते काढणं, तक्रार करणाऱ्याला पुन्हा मेल जाणार नाही हे बघणं, हे सगळं कोणीतरी बांधून द्यावं लागतं. सुरुवातीला ते लोक तुम्हाला चाचणीच्या कुंपणात ठेवतात: दिवसाला २०० मेल आणि तेही आधी पडताळलेल्याच पत्त्यांवर. बाहेर यायला अर्ज करून सांगावं लागतं की यादी कुठून आली, तक्रारींचं काय करणार. तुमच्या दोघींपैकी कोणाला हे येत असेल तर गोष्ट वेगळी. भाऊ करून देतो म्हणत असेल तर त्याला विचारा, दोन वर्षांनी तुला बाहेर नोकरी लागली तर रात्री आठ वाजता मी कोणाला फोन करू?

मेलच्या संख्येवर पैसे घेणाऱ्यांत ब्रेव्हो आहे, पूर्वीची सेंडिनब्लू. तिच्या फुकट योजनेत दिवसाला ३०० मेल जातात. अठराशे जणांना पाठवायचे तर सहा दिवस लागतील, आणि नव्या डोमेनसाठी ते चांगलंच आहे. कालपर्यंत गप्प असलेल्या डोमेनवरून एका सकाळी अठराशे मेल निघाले की जीमेलला संशय येतो. रोज थोडे थोडे गेले, लोकांनी उघडले, दोघा-चौघांनी उत्तर दिलं, की विश्वास बसतो. झोहो कॅम्पेन्सही बघा, मात्र ती पैसे कशावर घेते ते आधी वाचून घ्या. कंपनी आपल्या चेन्नईची, बिल रुपयांत, जीएसटीसकट. तिचे सहसंस्थापक श्रीधर वेंबू तामिळनाडूत तेनकासीजवळच्या खेड्यात जाऊन राहिले आणि तिथून काम करतात. गावात राहून हे काम होत नाही असं कोणी म्हणालं तर मला ते आठवतं. वडिलांनाही सांगून बघा.

रुपयांतल्या बिलाचा मुद्दा किरकोळ समजू नका. तालुक्याच्या बँकेनं दिलेलं साधं रुपे कार्ड परदेशी सेवेला बहुतेकदा चालत नाही. दरमहा आपोआप पैसे कापण्यावर रिझर्व्ह बँकेचे ऑक्टोबर २०२१ पासूनचे नियम आहेत, त्यात कार्डाची परवानगी नीट नोंदली नसेल तर पैसे कापलेच जात नाहीत. सेवा बंद झाल्याचं तुम्हाला कळतं ते नेमकं मेल पाठवायच्या दिवशी. डॉलरवर बँकेचं वरचं शुल्कही लागतं. दोन हजारांच्या बजेटमध्ये हे सगळं बोचतं.

तेव्हा माझ्या मते रिसॉर्टसाठी ब्रेव्हो किंवा झोहो, दोन्ही फुकट खात्यांवर आठ-आठ दिवस वापरून. दर आणि मर्यादा बदलत राहतात, त्या दिवशीचं पान वाचूनच ठरवा. वापरताना तीन गोष्टी मुद्दाम करून बघा. मदतकक्षाला एक प्रश्न पाठवा आणि माणूस उत्तर देतो की नुसता साचेबंद मजकूर येतो ते बघा. यादी सगळ्या तपशिलासह खाली उतरवता येते का ते बघा, नाव काढलेल्यांची यादीसुद्धा. सेवा सोडताना तीच सगळ्यात मोलाची असते, कारण तिच्याशिवाय नव्या सेवेतून त्याच माणसांना पुन्हा मेल जातो आणि ते चिडतात. आणि खातं बंद करायचं बटण कुठं आहे ते आधीच शोधून ठेवा. वार्षिक योजनेच्या सवलतीला भुलू नका. आपल्याकडे ग्राहकाचा पैसा हंगामावर येतो. हळदवाल्यांचा माल विकल्यावर, रिसॉर्टचा गेट उघडल्यावर. पावसाळ्यात रिसॉर्टकडून बिल निघणं अवघड, आणि तुम्ही वर्षाचे पैसे आधीच भरून बसलेल्या असाल.

खातं कोणाच्या नावावर, हा प्रश्न तुम्ही विचारला नाही, पण मला तो सेवेच्या निवडीपेक्षा मोठा वाटतो. एजन्सीच्या नावानं एक मोठं खातं घ्यायचं आणि त्यात तिघांना कोंबायचं, हे सोयीचं दिसतं. पण एका ग्राहकानं उद्या हट्टानं लाख पत्ते चढवले तर खातं बंद होतं तिघांचं. आणि ग्राहक तुम्हाला सोडून गेला, किंवा तुम्ही पुन्हा पुण्याला गेलात, तर त्याची यादी तुमच्याकडे अडकते. सातबारा ज्याच्या नावावर त्याचं वावर. डोमेन रिसॉर्टच्या नावावर, रिसॉर्टच्या ईमेलनं, रिसॉर्टच्या पैशानं घ्या. सेवेचं खातंही त्यांचं, तुम्ही त्यात एक वापरकर्ता. गावोगावी असे कितीतरी उद्योजक आहेत ज्यांची वेबसाइट करून देणारा पोरगा शहरात निघून गेला आणि डोमेन त्याच्याच नावावर राहिलं. तुमच्या ग्राहकावर ती वेळ आणू नका. एक लेखी करारही करा, साधा, दोन पानांचा. नव्या कायद्यात यादीचा मालक जबाबदार, आणि त्याच्या वतीनं काम करणाऱ्याशी त्याचा करार असलाच पाहिजे. सुरक्षेत हयगय झाली तर दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे. तेवढा दंड खेड्यातल्या रिसॉर्टला होईल असं मी म्हणत नाही, पण पाहुण्यांची यादी पेन ड्राइव्हवर घेऊन कोणालाही द्यायची गोष्ट राहिलेली नाही, हे मालकांना कळावं.

डोमेन हातात आल्यावर त्या तीन नोंदी करायच्या आहेत. एसपीएफ म्हणजे आमच्या नावानं मेल पाठवायचा अधिकार कोणाकोणाला आहे, त्याची फाटकावर लावलेली यादी. डीकेआयएम म्हणजे प्रत्येक मेलवरचा शिक्का, वाटेत मजकूर बदलला तर तो जुळत नाही. आणि डीमार्क म्हणजे शिक्का आणि यादी यांतलं एकही जुळलं नाही तर त्या मेलचं काय करायचं, याची पलीकडच्याला दिलेली सूचना. सुरुवातीला डीमार्क फक्त अहवाल मागवण्यापुरता ठेवा, महिनाभर अहवाल बघा, मग कडक करा. सेवा तुम्हाला या ओळी तयार करून देते, तुम्ही त्या डोमेनच्या खात्यात चिकटवायच्या. काही तासांत लागू होतात, कधी दोन दिवसही लागतात. जाहिरातीचे मेल मुख्य डोमेनवरून न पाठवता त्याच्याच पोटडोमेनवरून, म्हणजे त्याच नावाखालच्या वेगळ्या नावावरून, पाठवा, म्हणजे काही बिनसलं तरी रोजची पावती-बिलं वाचण्याची शक्यता राहते. माझ्या बियाणेवाल्याकडे एवढं केलेलं असतं तरी ती पेरणी निभावली असती. आणि रिसॉर्टच्या फुकट जीमेल पत्त्यावरून सेवेमार्फत मेल पाठवू नका. जीमेलच्या नावानं दुसऱ्याच यंत्रातून आलेला मेल जीमेललाच खोटा वाटतो.

मराठीत मेल लिहिणार असाल तर मजकूर युनिकोडमध्येच टाइप करा. तालुक्यातल्या डीटीपीवाल्याकडून जुन्या फॉन्टमधली फाइल आणून चिकटवली तर समोरच्याला नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. दुसरं, जीमेल सुमारे १०२ केबीच्या पुढचा मेल मध्येच कापतो आणि खाली 'पूर्ण मेल बघा' असा दुवा देतो. देवनागरीचं एक अक्षरचिन्ह युनिकोडच्या रोजच्या पद्धतीत तीन बाइट घेतं, इंग्रजीचं एक. त्यामुळे लांबलचक मराठी मेल लवकर कापला जातो, आणि कापला जाणारा भाग नेमका शेवटचा, जिथं नाव काढून घ्यायचा दुवा असतो. तो दिसला नाही की माणूस स्पॅमचं बटण दाबतो. मेल छोटा ठेवा, वाघाचा एकच फोटो, आणि फोटो दिसला नाही तरी अर्थ लागेल असा मजकूर. लाइन जाण्याची काळजी मात्र करू नका. मेल आदल्या दिवशी तयार करून वेळ लावून ठेवला की तो सेवेच्या यंत्रातून निघतो, तुमच्या घरची वीज असो वा नसो.

वडिलांच्या प्रश्नाबद्दल बाहेरच्यानं फार बोलू नये. पण तुम्ही "गावात तोंड दाखवायची सोय राहणार नाही" असं लिहिलंत, ते मला टोचलं. क्लासला तुम्ही स्वतः नाही म्हणालात, हळदवाल्यांना साध्या मेलपेटीवर ठेवलंत आणि रिसॉर्टचं फुकट खात्यावर सुरू केलंत, तर पहिल्या तीन महिन्यांत सेवेवर तुमचे पैसेच जाणार नाहीत. डोमेनला वर्षाचे हजाराच्या आसपास, तेही ग्राहकाचे. दोन हजार महिना तुमच्याकडेच राहतील. मग गमावण्यासारखं काय उरतं? लाख पत्त्यांसाठी हट्ट धरणारा ग्राहक एखादेवेळी जाईल. तो जाऊ शकतो हे धरून चाला. त्याला नागपूरच्या माणसाकडे जायचं असेल तर हात जोडून जाऊ द्या, फक्त खातं आणि डोमेन त्याच्याच नावावर आहे याची खात्री करून. तुमच्या मैत्रिणीशी हे आजच बोलून ठेवा. तीन ग्राहकांतला एक सोडायची वेळ आली तर दोघींचं मत एक असायला हवं, आणि तुमच्या पत्रात ती काय म्हणते ते कुठंच नाही.

उद्या रिसॉर्टवर जाल तेव्हा पाहुण्यांचं रजिस्टर मागून घ्या. हातानं लिहिलेलं असेल, पत्त्यांत चुका असतील. मागच्या दोन हंगामांची पानं दोघी मिळून टाइप करा आणि जिथं अक्षर लागत नाही तो पत्ता सोडून द्या, अंदाजानं भरू नका. मग पहिल्या तीस जणांना तो परवानगीचा मेल पाठवा, खाली मालकांचं नाव आणि त्यांचा खरा फोन नंबर टाकून. किती जणांनी उत्तर दिलं ते मला कळवा.